स्टार्टर जोडता येतो, अर्ज भरता येत नाही

पत्र : मी एका तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वीजतंत्री व्यवसायाची शिल्प निदेशक आहे. गेल्या महिन्यात जवळच्या औद्योगिक वसाहतीतील एका कंपनीने शिकाऊ उमेदवारीसाठी निवड चाचणी ठेवली होती. माझ्या दुसऱ्या वर्षाच्या तुकडीतील वीसही प्रशिक्षणार्थी गेले, त्यांत दोन मुली आहेत. पॅनेल वायरिंगचे प्रात्यक्षिक बहुतेकांनी चांगले केले. परंतु ऑनलाइन अर्ज आणि संगणकावरील चाचणी यांतच अकरा जण बाद झाले. काहींना स्वतःचा ई-मेल उघडता आला नाही, तर काहींना ‘व्हीएफडीवर (मोटरीचा वेग कमी-जास्त करणाऱ्या उपकरणावर) तुम्ही काय केले आहे?’ या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. प्राचार्य म्हणतात, संगणकाचे जादा वर्ग घ्या. आमच्या संगणक कक्षात दहापैकी चार यंत्रे चालू आहेत. एका पालकांनी मला विचारले की, खासगी क्लासमध्ये वीस हजार रुपये भरून मुलाला ऑटोमेशनचा कोर्स लावू का? आणि खरे सांगायचे तर पीएलसीत (यंत्रे आपोआप चालवणाऱ्या छोट्या नियंत्रक संगणकात) मी स्वतःच कच्ची आहे. या मुलांना मी काय शिकवावे आणि त्यासाठी वेळ कोठून आणावा?
– एक शिल्प निदेशक, पश्चिम महाराष्ट्र

सप्रेम नमस्कार.

आपली अकरा मुले दोन वेगवेगळ्या कारणांनी बाद झाली आहेत. ती कारणे एकत्र करून ‘मुलांना कॉम्प्युटर येत नाही’ असा एकच निष्कर्ष काढला, तर उपायही चुकेल. ज्यांना ई-मेल उघडता आला नाही त्यांची अडचण कागदपत्रांची आहे आणि ती पंधरवड्यात सुटण्यासारखी आहे. ज्यांना व्हीएफडीबद्दल बोलता आले नाही त्यांची अडचण कामाची आहे. तिला वर्कशॉपमध्येच आणि वर्षभर थोडे थोडे उत्तर द्यावे लागेल. जादा वर्ग घेऊन यांपैकी पहिली अडचण जेमतेम सुटेल. दुसरी सुटणार नाही.

आधी कागदपत्रांचे पाहू. आपल्या मुलांचा ई-मेल बहुधा प्रवेशाच्या वेळी गावातल्या सायबर कॅफेवाल्याने किंवा सेतू केंद्रावर कोणीतरी तयार करून दिलेला असेल. त्याचा पासवर्ड मुलाला माहीत नसतो, आणि कधी कधी त्यावर नोंदवलेला मोबाइल क्रमांकही त्या दुकानदाराचाच असतो. पुढे दोन वर्षांनी कंपनीच्या अर्जावर ओटीपी मागितला जातो तेव्हा तो कोणाच्या फोनवर जातो हे कोणालाच सांगता येत नाही. मुलींच्या बाबतीत ही अडचण दुप्पट असते. कारण पुष्कळदा फोन भावाचा किंवा वडिलांचा असतो आणि भाऊ कामावर गेलेला असतो. म्हणून दोन दुपारी राखून ठेवा आणि प्रत्येकाकडून स्वतःसमोर नवा ई-मेल तयार करून घ्या. त्यावर घरात कायम राहणारा क्रमांक नोंदवायला लावा आणि पासवर्ड वहीत लिहून ती वही घरी ठेवायला सांगा. (पासवर्ड कागदावर लिहू नये हा शहरी सल्ला मला ठाऊक आहे, पण विसरलेल्या पासवर्डमुळे बुडालेल्या संधी मी चोरलेल्या पासवर्डमुळे बुडालेल्या संधींपेक्षा अधिक पाहिल्या आहेत.)

त्याच दुपारी दहावीची गुणपत्रिका, आधार आणि बँकेचे पासबुक शेजारी ठेवून नावाचे स्पेलिंग जुळवून पाहा. आडनावात एक ‘ए’ कमी-जास्त असला तरी शिकाऊ उमेदवारीचा करार पोर्टलवर अडकतो आणि दुरुस्तीला काही आठवडे जातात. म्हणून हे काम दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच झालेले बरे. बँक खाते आधारशी जोडलेले आहे का हेही तेव्हाच पाहावे. कारण राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा सरकारी वाटा, म्हणजे २५ टक्के आणि महिन्याला जास्तीत जास्त १५०० रुपये, २०२३ पासून थेट उमेदवाराच्या खात्यात जमा होतो. राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र डिजिलॉकरमध्ये कसे मिळवायचे तेही एकदा दाखवून ठेवा, म्हणजे ऐनवेळी झेरॉक्सच्या दुकानात फोटोचा फोटो काढण्याची वेळ येणार नाही.

मुलाखतीला बोलावण्याआधी ‘नोंदणी शुल्क’ मागणारा फोन आला तर तो ठेवून द्यायचा, आणि पैसे गेलेच तर लाज न बाळगता लगेच १९३० या सायबर फसवणुकीसाठीच्या क्रमांकावर तक्रार करायची, हेही याच बैठकीत सांगा. नोकरी शोधणाऱ्या नवख्या मुलांकडे असे फोन हमखास येतात.

संगणकावरील चाचणीत अडखळण्याचे आणखी एक कारण याहून साधे असावे. आपल्याकडील लेखी परीक्षा आता संगणकावर होते, म्हणजे ही मुले वर्षातून एकदा, तेही सर्वाधिक ताणाच्या दिवशी, माउस हातात धरतात. भारत स्किल्स या सरकारी संकेतस्थळावरील प्रश्नपेढ्या आणि चेन्नईच्या निमी संस्थेच्या सराव चाचण्या फोनवर सोडवता येतात हे त्यांना माहीत असेल. परंतु फोनवर बोट फिरवणे आणि माउसने पर्याय निवडून ‘पुढे’ दाबणे या दोन वेगळ्या सवयी आहेत. चार संगणक आणि वीस मुले म्हणजे एका यंत्रामागे पाच जण. आठवड्यातून एक तास, प्रत्येकाला बारा मिनिटे, एवढे तीन महिने झाले तरी ही भीती जाते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. माझे मत असे आहे की, वीजतंत्र्याला संगणक वेगळा शिकवू नये. तो जे काम करतो त्या कामाची मोजणी, नोंद आणि वाचन जेथे संगणकावर किंवा पडद्यावर होते, तेथेच त्याला पडद्यापाशी न्यावे. कारखान्यात देखभाल विभागातल्या माणसाला निबंध टाइप करायचा नसतो. त्याला जॉब कार्डवरचा क्यूआर कोड स्कॅन करायचा असतो, बिघाडाची नोंद करायची असते, स्टोअरमधून सुटा भाग मागवायचा असतो, ड्राइव्हच्या (म्हणजे व्हीएफडीच्या) पडद्यावर उमटलेला फॉल्ट कोड वाचायचा असतो आणि पाळी संपताना पुढच्या माणसासाठी दोन ओळी लिहून ठेवायच्या असतात.

या दोन ओळींचे महत्त्व मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. मी एका कारखान्याच्या देखभाल विभागात प्रशिक्षणाचे काम पाहत असताना रात्रपाळीतल्या एका मुलाने बंद पडलेला कन्व्हेअर चालू करण्यासाठी एक लिमिट स्विच तात्पुरता बायपास केला, म्हणजे तो वगळून जोडणी केली. हाताने उत्तम काम करणारा मुलगा होता. पण त्याने त्याची नोंद कोठेच केली नाही आणि सकाळच्या पाळीने तो बायपास शोधण्यात जवळजवळ चार तास घालवले. मी त्याला सर्वांसमोर बोललो. नंतर कळले की नोंदीचा संगणक पर्यवेक्षकाच्या केबिनमध्ये होता आणि रात्री त्या केबिनला कुलूप असे. शिवाय नोंद कशी करायची हे त्याला कोणी शिकवलेच नव्हते, आणि ते शिकवण्याची जबाबदारी माझी होती.

हे आपल्या वर्कशॉपमध्ये कसे आणायचे ते एका उदाहरणाने सांगतो. आपल्याकडे इंडक्शन मोटरी असतीलच. जुन्या, शेवाळी रंगाच्या का असेनात. प्रत्येक मोटरीला क्रमांक द्या. महिन्यातून एकदा दोघादोघांच्या जोडीने ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरने) प्रत्येक मोटरीचा इन्सुलेशन रेझिस्टन्स, म्हणजे वेष्टणाचा विद्युतरोध, मोजायचा. वाचन आधी नेहमीप्रमाणे जर्नलमध्ये लिहायचे आणि मग त्याच दिवशी संगणकावरील एका तक्त्यात भरायचे: मोटर क्रमांक, तारीख, वाचन, हवामान, मोजणाऱ्याचे नाव. सुरुवातीला हे कंटाळवाणे वाटेल. पण मे महिन्यातली आणि जुलैमधली वाचने शेजारी आली आणि कोणीतरी त्यांचा आलेख काढला की, दमट हवेत रेषा खाली आलेली मुलांना दिसेल. एखादी मोटर इतरांपेक्षा फारच खाली, एक मेगाओहमच्या दिशेने घसरताना दिसेल, आणि ‘सर, ती सात नंबरची वाळवायला काढू का?’ असे कोणीतरी आपणहून विचारेल. (‘मॅडम’ म्हणायला हवे; पण इतक्या वर्षांत मी वर्कशॉपमध्ये बायकांनाही ‘सर’ म्हणून हाक मारलेली ऐकली आहे.) त्या मुलाने त्या क्षणी एक्सेल शिकलेले असते, शिवाय कारखाने ज्याला प्रतिबंधात्मक देखभाल म्हणतात तीही शिकलेली असते. उद्या मुलाखतीत ‘एक्सेल येते का?’ असे विचारले तर त्याला ‘हो’ एवढेच म्हणावे लागणार नाही. सात नंबरच्या मोटरीची गोष्ट सांगता येईल. आणि निवड करणारी माणसे अशी गोष्ट लक्षात ठेवतात, हे मी त्या टेबलाच्या पलीकडे बसून अनुभवले आहे.

व्हीएफडीचेही असेच. या उपकरणाचा बाऊ फार केला जातो. वस्तुतः ते सुरू करताना विचारले जाणारे पहिले पाच-सहा प्रश्न मोटरीच्या नेमप्लेटवरच लिहिलेले असतात. व्होल्टेज ४१५, वारंवारता ५०, क्षमता ३.७ किलोवॅट, प्रवाह साधारण साडेसात अँपिअर, वेग मिनिटाला १४४० फेरे. जो मुलगा १४४० पाहून ‘ही चार पोलची, सिंक्रोनस वेग १५००, म्हणजे स्लिप चार टक्के’ (प्रत्यक्ष वेग सिंक्रोनस वेगापेक्षा तेवढा कमी) असे म्हणू शकतो, तो त्या छोट्या पडद्यावरचे पॅरामीटर तासाभरात भरायला शिकतो. ज्याला नेमप्लेट वाचता येत नाही त्याला मात्र वीस हजारांचा कोर्सही तारणार नाही. तो क्लासमध्ये शिकवलेले आकडे पाठ करील आणि कारखान्यात वेगळ्या कंपनीचा ड्राइव्ह समोर आला की गोंधळेल. त्या पालकांना माझा निरोप द्या की, पैसे आत्ता खर्च करू नका. मुलाने आधी शिकाऊ उमेदवारीचे वर्ष पूर्ण करावे, आपल्या कारखान्यात कोणत्या कंपनीचा पीएलसी आहे ते पाहावे आणि मग गरज वाटली तर त्याच पीएलसीचा कोर्स करावा. एमएस-सीआयटी करून ठेवले तर हरकत नाही. काही सरकारी जागांना संगणक प्रमाणपत्र लागते. पण त्यामुळे वीजतंत्री म्हणून नोकरी मिळेल असे समजू नये.

एक सावधगिरी इथेच सांगून ठेवतो, कारण जुनी आणि नवी विद्या एकमेकींशी भांडतात ती नेमकी या जागी. व्हीएफडीला जोडलेल्या मोटरीचे मेगर टेस्टिंग करताना मोटरीच्या केबल ड्राइव्हच्या टर्मिनलवरून आधी सोडवल्याच पाहिजेत. नाहीतर मेगरचे ५०० व्होल्ट ड्राइव्हच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये शिरतात आणि तो जळू शकतो. तसेच पुरवठा बंद केल्यावरही ड्राइव्हमधले कपॅसिटर काही मिनिटे भारित असतात. मॅन्युअलमध्ये दिलेली वेळ उलटेपर्यंत झाकण उघडायचे नाही. फोनवरच्या सिम्युलेटरमध्ये हजारदा चूक केली तरी झटका बसत नाही, आणि म्हणूनच सिम्युलेटरवर रमलेल्या मुलाला प्रत्यक्ष पॅनेलवर आणताना आपण शेजारी उभे राहावे.

वेळ कोठून आणावा असे आपण विचारले आहे. तो अभ्यासक्रमातच आहे. २०२२ च्या सुधारित अभ्यासक्रमात रोजगारक्षम कौशल्यांसाठी पहिल्या वर्षी १२० आणि दुसऱ्या वर्षी ६० तास आहेत, आणि त्यांत डिजिटल कौशल्येही येतात. हा विषय शिकवणारे सहकारी बहुधा पुस्तकातले नमुने घेऊन ई-मेल लिहायला लावत असतील: ‘काल्पनिक कंपनीला रजेचा अर्ज करा.’ त्यांच्याशी बोलून एवढेच ठरवा की, मुले जो ई-मेल लिहितील तो आपल्याच वर्कशॉपमधल्या कामाचा असेल. ‘मोटर क्र. ७ चे वाचन कमी आले आहे, सोबत तक्ता जोडला आहे’ असा तीन ओळींचा ई-मेल, विषयाच्या रकान्यासह आणि नीट नाव दिलेल्या फाइलसह, आपल्या पत्त्यावर यावा. फाइलचे नाव ‘न्यू फायनल २’ असे असेल तर परत पाठवावी. त्या सहकाऱ्यांनाही हे आवडेल. आपला विषय कोणी गंभीरपणे घेत नाही ही त्यांची सर्वत्र खंत असते.

शिवाय दरवर्षी १५० तासांचे कामावरील प्रशिक्षण अपेक्षित आहे आणि ते मिळणे शक्य नसेल तेथे सामूहिक प्रकल्प करायचा आहे. पुष्कळ ठिकाणी हे तास कागदावर उरकले जातात. आपण तसे करीत नसाल अशी मी आशा करतो, पण करीत असाल तर दोष देणार नाही. कारण कारखान्याच्या गेटवर निदेशकाला कसे ताटकळत ठेवतात ते मला माहीत आहे. तेथे एक गोष्ट आपल्या बाजूने आहे. ३० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने आपल्या मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेत, असे शिकाऊ उमेदवारी कायद्याखालील नियमांत आहे. म्हणजे मनुष्यबळ अधिकाऱ्याला उमेदवार हवेच असतात. ‘आमची मुले आधी १५० तास तुमच्याकडे येऊ द्या, तुम्हीच त्यांना पाहा आणि मग त्यांतून निवडा’ असे सांगितले तर तो ऐकतो, हा माझा अनुभव आहे. आणि गेल्या महिन्यात चाचणीसाठी आलेल्या कंपनीकडेच आधी जावे, कारण आपल्या मुलांचे पॅनेल वायरिंग त्यांनी पाहिलेले आहे. जाताना अकरा जण का बाद झाले हे स्पष्ट विचारा. राग मानू नका, टिपून घ्या.

प्राचार्यांशी बोलताना बंद पडलेल्या सहा संगणकांचा मुद्दा मी फार ताणणार नाही. आपले काम चार संगणकांवर भागेल. त्यापेक्षा संस्था व्यवस्थापन समितीपुढे एक अश्वशक्तीची छोटी व्हीएफडी आणि एक लहान पीएलसी मागा. व्हीएफडी काही हजार रुपयांत येते. समितीत उद्योगांचे प्रतिनिधी असतात आणि त्यांच्या स्टोअरमध्ये बदलून काढलेले जुने ड्राइव्ह पडून असतात. तसा एखादा मिळाला तर नव्याहून चांगला, कारण त्यावर बिघाड शोधायला शिकवता येते.

आपल्या वीसांपैकी काही जण कारखान्यात जाणारच नाहीत, गावातच काम करतील. पत्रात त्यांचा उल्लेख नाही, पण त्यांनाही विसरू नका. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एक कोटी घरांच्या छतांवर सौर पॅनेल बसवण्याचे उद्दिष्ट आहे आणि तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते. त्यामुळे तालुक्यांतही हे काम वाढते आहे. अर्ज पोर्टलवर, इन्व्हर्टरची रोजची निर्मिती फोनमधल्या अॅपवर, आणि ग्राहकाची तक्रार व्हॉट्सअॅपवर येते: ‘आज युनिट कमी का दाखवतंय?’ या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी अॅपही वाचता यावे लागते आणि छतावर चढून धूळ, सावली आणि सैल झालेला कनेक्टरही तपासता यावा लागतो. ज्या मुलाला या दोन्ही गोष्टी येतात तो गावात राहूनही आपला संसार नीट चालवू शकतो.

इंग्रजी मॅन्युअलची धास्ती मुलांना असते. त्यांना सगळे पुस्तक वाचायला सांगू नका, फक्त फॉल्ट कोडची चार पाने द्या. ओव्हरकरंट, अंडरव्होल्टेज, अर्थ फॉल्ट, ओव्हरटेम्परेचर हे शब्द त्यांच्या रोजच्या बोलण्यातलेच आहेत. फोनवरच्या भाषांतराची किंवा प्रश्नाला उत्तर देणाऱ्या एआयची मदत घेऊ द्या. पण अर्थिंगचे ‘पृथ्वी’ आणि फेजचा ‘टप्पा’ झालेला मजकूर एकदा वर्गात मोठ्याने वाचून दाखवा. सगळे हसतील आणि जोडणीची आकृती यंत्राला विचारून तशीच्या तशी जोडायची नाही हे त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.

राहिला आपला स्वतःचा प्रश्न. पीएलसीत आपण कच्च्या आहात असे लिहिलेत, पण डीओएल (मोटर थेट पुरवठ्यावर सुरू करणाऱ्या) स्टार्टरचे कंट्रोल सर्किट आपण झोपेतही काढू शकत असाल. ते आडवे काढले की लॅडर डायग्रामच, म्हणजे पीएलसीचा शिडीसारखा दिसणारा प्रोग्रॅमच, होतो: स्टार्ट बटण, त्याला समांतर कॉन्टॅक्टरचा होल्ड-ऑन संपर्क, ओव्हरलोड, स्टॉप, शेवटी कॉइल. मुंबईच्या राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्थेतील निदेशकांच्या अल्पमुदतीच्या वर्गासाठी प्राचार्यांकडे अर्ज जरूर करा. तोवर लॅडर काढण्याचे एखादे मोफत सॉफ्टवेअर घेऊन मुलांबरोबरच शिकायला बसा. आपण सर्व जण एका जागी हमखास अडकाल, ती आधीच सांगतो. स्टॉपचे पुश बटण प्रत्यक्षात एनसी (न दाबता जोडलेले) असते, म्हणून मुले लॅडरमध्येही एनसी संपर्क काढतात आणि मोटर सुरूच होत नाही. बटण न दाबता त्या इनपुटवर पुरवठा आलेला असतो, म्हणजे पीएलसीच्या दृष्टीने तो बिट ‘१’ असतो. म्हणून लॅडरमध्ये तेथे एनओ (एरवी उघडा) संपर्क काढावा लागतो. हे तोंडी समजावण्यात वेळ घालवू नका. मुलांना चुकू द्या, दुरुस्त करू द्या, आणि मोटर चालू झाली की त्यांच्यासमोर स्टॉप बटणाची एक तार इनपुट टर्मिनलवरून काढा. मोटर थांबेल. ती का थांबली आणि बटण एनओ जोडले असते तर काय झाले असते, हे त्यांनाच विचारा. आणि उत्तर त्यांच्याकडून संगणकावरच लिहून घ्या.